भिंतीच्या गाद्या

ज्याला कान नाहीत आणि तरी जो सर्वांचे ऐकतो, ज्याला मुख नाही आणि तरी जो प्रत्येक कंठात बोलतो, त्या नादरूपाला आधी माझा दंडवत. सांगणारा मी केवळ ताणलेली तात आहे, ठोका त्याचा. सज्जनहो, जे घडले तेवढे सांगतो. त्याचा उलगडा माझ्यापाशी नाही. तो ज्याच्यापाशी आहे, त्याने आपल्या वेळेने करावा.

१

मी गाद्या भरतो. माझे दुकान म्हणजे एक लांबट, उंच छपराची खोली. आढ्याला दोरीने कापूस पिंजायची धनुकली टांगलेली असते. तिची तात, म्हणजे आतड्याची ताणलेली दोरी, कापसात बुडवायची आणि लाकडी मोगरीने तिला ठोका द्यायचा. मग दबलेला कापूस उसळतो, मोकळा होतो आणि फुलून वर येतो. आता यंत्रे आली आहेत. पण यंत्राच्या घरघरीशी नामस्मरण जुळत नाही, म्हणून मी अजून हातानेच पिंजतो. एका ठोक्याला एक नाम, असा माझ्या वडिलांचा परिपाठ होता आणि तोच माझा आहे.

समोरच्या दुकानात माझा मित्र शिंपी बसतो. माझ्या गाद्यांच्या खोळी तोच शिवतो आणि दिवसभर माझी थट्टा करतो.

"एवढा कापूस उडवता तुम्ही," तो रस्त्यापलीकडून ओरडायचा, "तुमचा देव नाव ऐकतो की नुसता शिंकतो, विचारा एकदा!"

त्या वर्षी एक नवा माणूस गिऱ्हाईक म्हणून आला. स्वच्छ सदरा, मऊ आवाज. उंबऱ्याशी पादत्राणे काढून मगच आत आला. कालव्यापलीकडच्या सरकारी विश्रामगृहाचा आपण व्यवस्थापक आहोत, असे त्याने सांगितले.

"आजोबा, गाद्या हव्यात. उंच, अरुंद आणि जाड. वरच्या काठाला पितळी कड्या लावा."

"गादीला कड्या कशाला?"

"टांगायच्या आहेत. भिंतीला."

खोळीचे माप घ्यायला आलेला शिंपी मध्येच बोलला, "भिंतींना गाद्या? आजारी पडल्यात की काय भिंती?"

व्यवस्थापक मनापासून हसला. "पाहुण्यांना आवाजाचा फार त्रास होतो हो."

रस्त्याचा गोंगाट आत जात असेल, असे मी धरून चाललो. आतला आवाज बाहेर येत असेल, हा विचार तेव्हा मनाला शिवलाही नाही.

गाद्या तयार झाल्या. विश्रामगृहाच्या दर्शनी दारावर "दुरुस्तीसाठी बंद" अशी पाटी होती, म्हणून आम्ही दोघे म्हातारे हातगाडी ढकलत मागच्या बोळात गेलो. तिथले लोखंडी दार अर्धवट उघडले. आतून हात आले, गाद्या घेतल्या, दार लागले. त्या हातांना चेहरे असतीलच. आम्हाला ते दिसले नाहीत.

२

त्याच दिवसांत माझा जावई नाहीसा झाला.

तो शाळेत शिक्षक. उमेदीची सारी वर्षे मुलांच्या वह्यांची पिशवी एकाच खांद्यावर वाहिल्याने त्याचा डावा खांदा उतरलेला होता. काही सांगायचे झाले की तो आधी घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "हं… तर…" मग मोठा श्वास घ्यायचा. माझी लेक त्याची नक्कल करायची. "चहा हवा असला तरी आधी हं-तर! धडा आहे का तो?"

त्याच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांना कोणीतरी उचलून नेले होते. कोणत्या आरोपाखाली आणि कुठे, हे विचारायला जावई एका कचेरीत गेला. तिथून दुसरीत गेला. मग एका दुपारी बसथांब्याजवळ एक बिनक्रमांकाची गाडी थांबली. फळे विकणाऱ्या बाईने पाहिले. जाताना त्याने वह्यांची पिशवी तिच्या हाती दिली आणि तो म्हणाला, "ही घरी पोचवाल का? मुलांच्या वह्या आहेत."

लेक ठाण्यामागून ठाणी फिरली. उत्तर सगळीकडे एकच होते: असा कोणी माणूस आमच्याकडे नाही.

अटक नाही, म्हणून आरोप नाही. आरोप नाही, म्हणून जामीन नाही. माणूस घरी नाही आणि तुरुंगातही नाही. मग या सृष्टीत तो आहे तरी कुठे? चराचरात देव भरलेला आहे, असे मी आयुष्यभर मानत आलो. त्या दिवसांत देवापुढे दिवा लावताना हात थांबायचा. माझ्या लेकीचा नवरा ज्या खोलीत आहे, तिथेही तू आहेस ना रे?

३

व्यवस्थापकाने गाद्या परत पाठवल्या. कापूस बसला आहे, पुन्हा पिंजून भरा, असा निरोप होता.

मी एक गादी भिंतीला उभी केली आणि पाहत राहिलो. गादीत खळगा पडणे हा गादीचा धर्मच आहे. झोपणाऱ्याची कंबर आणि कूस जिथे टेकते, तिथे कापूस दबतो. पण ही गादी भिंतीवर टांगलेली होती आणि तिच्यातले खळगे माणसाच्या खांद्याच्या उंचीवर होते. त्यांच्या वर, मधोमध, डोके टेकते तिथे आणखी एक. कमरेपाशी काही नव्हते.

शिंप्याला बोलावले. त्याने खळग्यात हात फिरवला.

"भिंतीला टेकून कोण झोपतं?" मी म्हणालो.

"घोडे झोपतात उभे," तो म्हणाला. थट्टेने सुरू केलेले वाक्य त्याने थट्टेने संपवले नाही. तो हात सदऱ्याला पुसत आपल्या दुकानात गेला.

मी खोळ उसवली, कापूस जमिनीवर पसरला, तात बुडवली आणि ठोका दिला.

तातीचा टणत्कार मी लहानपणापासून ऐकतो आहे. त्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, विरताना शेवटी एक घुमारा राहतो. त्या घुमाऱ्याच्या तळाशी कोणीतरी पाणी मागितले.

मी मोगरी खाली ठेवली. रस्त्यावर कोणी नव्हते. शिंप्याचे यंत्र बंद होते. वयपरत्वे कानात आवाज येतात, असे वैद्य म्हणतो. मी स्वतःला तसे बजावले आणि पुन्हा ठोका दिला. या वेळी अस्पष्ट हुंदका आला. मग कोणीतरी काहीतरी मोजत असल्यासारखे पुटपुटणे. तोच कापूस मी पुन्हा पिंजला, तेव्हा तात नुसती वाजली. जे होते ते एकदाच निघाले आणि संपले. पिंजलेला कापूस मुका झाला होता.

बुद्धीने बरेच युक्तिवाद केले. तात ओली असेल. आढे कुजले असेल. उपासाने डोके हलके झाले असेल. पण त्या दिवशी प्रत्येक ठोक्याला माझ्या मुखी नाम येईना. नामाच्या जागी दुसऱ्याचाच आवाज येऊन बसत होता. आणि दुसरी गादी पिंजताना, अगदी माझ्या कानाशी, घसा खाकरला गेला.

"हं… तर…"

मग मोठा श्वास. पुढे काही नाही.

दुकानाच्या दारात भांडे पडले. माझे जेवण घेऊन आलेली लेक तिथे उभी होती.

४

"परत वाजवा, बाबा."

"बाळ, आत ये. बस आधी."

"परत वाजवा म्हणते ना!"

मी वाजवले. तात टणत्कारली आणि घुमून थांबली. लेक कापसात गुडघे टेकून बसली, दोन्ही हातांनी तो चाचपू लागली, मुठीत धरून कानाला लावू लागली. तिच्या केसांत, पापण्यांवर कापूस बसला. एका क्षणात माझी मुलगी माझ्याएवढी म्हातारी दिसू लागली.

"ते पुढे काय म्हणाले असते?" तिने विचारले. "काहीतरी सांगायला लागले होते ना?"

कोपऱ्यात न उसवलेली शेवटची गादी उभी होती. लेकीची नजर तिच्यावर गेली. दोन खांद्यांचे खळगे. त्यातला डावा खालच्या अंगाला उतरलेला.

मी मोगरी उचलली नाही. लेकही मला उचला म्हणाली नाही. पिंजली तर आवाज ऐकू येणार आणि कायमचा जाणार. न पिंजली तर तो आत राहणार, पण आमच्याशी कधी बोलणार नाही. लेक उठली, गादीजवळ गेली आणि त्या उतरत्या खळग्यावर तिने गाल टेकवला.

"ऊब आहे," ती म्हणाली.

"उन्हात होती ती."

"बाबा, या कोपऱ्यात ऊन कधी येतं?"

५

व्यवस्थापक दुसऱ्या दिवशी स्वतः आला. पुन्हा उंबऱ्याशी पादत्राणे काढली. भरलेल्या गाद्या त्याने दाबून पाहिल्या आणि मान डोलावली.

"सुरेख काम आहे तुमचं. कापूस अगदी नवा झाला." मग कोपऱ्याकडे पाहत तो म्हणाला, "ती राहिली वाटतं."

"हो. उद्या देतो."

तो त्या गादीपाशी गेला. खळग्यावर त्याने हात ठेवला नाही. बोटे नुसती जवळ नेली आणि विस्तवाजवळून काढावीत तशी मागे घेतली. माझ्याकडे वळला तेव्हा चेहऱ्यावर तेच मऊ हसू होते.

"आजोबा, पिंजताना दुकानाचं दार लावून घेत चला. कापूस उडतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास."

"आजवर कोणी तक्रार केली नाही."

"तसं नाही, आपली एक सूचना." तो पादत्राणे चढवू लागला. "तुमच्या मुलीची तब्येत बरी आहे ना? फार वणवण करते म्हणे. तुम्ही वडीलधारे आहात, जरा समजावा."

लेकीविषयी मी त्याच्याशी कधी अवाक्षर बोललो नव्हतो.

तो गेल्यावर शिंपी आला. त्याने सारे ऐकले होते. खिशातून फीत काढून त्याने शेवटच्या गादीचे माप घेतले.

"तसल्याच कापडाची दुसरी खोळ शिवतो," तो म्हणाला. "कड्याही त्याच लावू. तुम्ही नवी भरून त्याला द्या. ही लेकीकडे पोचवा."

"कळलं तर?"

"कळलं तर मलाही टांगतील तुमच्या शेजारी." तो दाराशी थांबला. "कापूस तेवढा चांगला भरा म्हणजे झालं. माझी पाठ दुखते."

६

लेकीने न्यायालयात अर्ज केला होता: माझ्या नवऱ्याला समोर हजर करा. सरकारने शपथेवर उत्तर दिले की असा इसम आमच्या ताब्यात नाही आणि कालव्यापलीकडची इमारत फार दिवसांपासून रिकामी आहे. तिच्या वकीलबाईंना मी सर्व सांगितले. आवाजाची गोष्ट त्यांनी खाली मान घालून ऐकली.

"आजोबा, आवाजाचं तिथे सांगू नका," त्या हळू म्हणाल्या. "गाद्यांचं सांगा. रिकाम्या घराला गाद्या कशाला लागतात, तेवढं पुरे."

न्यायमूर्तींनी मला तेवढेच विचारले आणि पाहणीचा हुकूम दिला: इथूनच थेट जा. आम्ही निघालो. वकीलबाई, न्यायालयाचा एक कारकून, आणि आपले काम ओळखण्यासाठी मी. लेकीला परवानगी नव्हती. ती पायरीवर बसून राहिली. मी वळून पाहिले तेव्हा तिने हात हलवला नाही. नुसता डावा खांदा किंचित खाली केला, त्याची नक्कल करायची तसा.

दर्शनी दार व्यवस्थापकानेच उघडले. "या. धुळीबद्दल माफ करा."

धूळ खरोखर होती. बाहेरच्या खोलीत झाकलेल्या खुर्च्या होत्या, पुढच्या खोलीत रंगाचे डबे. कारकुनाच्या पावलांचा ठक-ठक आवाज आमच्याबरोबर चालत होता. मग एक दार उघडले, आणि तो आवाज नाहीसा झाला. पाय पडत होते, ते दिसत होते. ऐकू येत नव्हते. कारकून खोकला, तर त्याचा खोकला ओठांपाशीच संपला. त्याने दचकून गळ्याला हात लावला.

त्या खोलीला खिडकी नव्हती. चारी भिंतींवर माझ्या गाद्या होत्या. माझे टाके, शिंप्याच्या खोळी, आम्ही लावलेल्या कड्या. इतके नीटनेटके काम पाहून क्षणभर, देवा मला क्षमा कर, बरे वाटले.

"साठवणीची खोली आहे," व्यवस्थापक म्हणाला. त्याचाही आवाज दुरून आल्यासारखा वाटला. "कोणी राहत नाही. बघून घ्या."

आणि ते मी पाहिले. समोरच्या भिंतीवरच्या गादीत खांद्यांच्या जागी खळगे होते आणि ते भरून येत होते. नव्याने पिंजलेल्या कापसाचा हा स्वभाव आहे. भार पडला की तो दबतो, भार उठला की हळूहळू श्वास घेतल्यासारखा वर येतो. आमच्या डोळ्यांदेखत, कोणी हात न लावता, गादी वर येत होती. शेजारचीही. त्या पलीकडचीही. सबंध भिंत मंदपणे श्वास घेत होती.

"बाई," मी म्हणालो, "इथे हात ठेवा."

त्यांनी तळवा ठेवला. कापसाने तो किंचित बाहेर ढकलला. वकीलबाईंचा चेहरा पांढरा पडला, पण हात त्यांनी काढला नाही. मग तो खाली, कमरेच्या उंचीवर नेला. तिथे गादी सपाट होती.

"बसूसुद्धा दिलं नाही," त्या स्वतःशी बोलल्या. आणि व्यवस्थापकाकडे वळल्या. "मागचं दार कुठे आहे?"

"या इमारतीला मागचं दार नाही, बाईसाहेब."

हे तो माझ्याकडे पाहत म्हणाला. सभ्यपणे, आर्जवाने, जणू मी विसरून गेलेल्या एखाद्या गोष्टीची मला आठवण करून देत असावा. त्या खोलीत मी बोललेला शब्द या भिंती गिळतील, असे मला वाटले. मी मोठ्याने नाम घेतले. ते ऐकू आले नाही. तरी घेतले.

"आहे," मी म्हणालो. "बोळात आहे. गाद्या मी तिथूनच देतो."

कारकून पुढे झाला. कोपऱ्यातली गादी कड्यांवरून उतरवली, तेव्हा तिच्यामागे लोखंडी दार निघाले. कडी काढलेली होती. बोळ रिकामा होता. ओल्या मातीत चाकांचे ताजे वळण होते आणि त्या वळणाशी, कोणालातरी अनवाणी फरफटत नेल्याच्या रेघा. आम्ही पाहत असतानाच त्या रेघांत पाणी भरत गेले.

७

पाहणीचा अहवाल न्यायालयापुढे आहे. माणसाला हजर करा, असा हुकूम झाला आहे; सरकारने मुदत मागितली आहे. व्यवस्थापक पुन्हा दिसला नाही. शिंपी आता संध्याकाळी माझ्यासोबत घरापर्यंत चालत येतो. म्हणतो, पाय मोकळे करायचे आहेत.

परवा दुपारी मी लेकीकडे गेलो. ती शेवटची गादी तिने भिंतीला टेकवून ठेवली असेल, असे मला वाटले होते. ती दिसली नाही.

"पलंगावर टाकली," लेक म्हणाली. "त्यांच्या बाजूला. उभ्या उभ्या किती दिवस काढायचे माणसाने? म्हटलं, आता आडवे होऊ देत."

मी आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. पडदा ओढलेला होता. कोनाड्यात वह्यांची पिशवी होती. पलंगाच्या एका बाजूला लेकीची चादर घडी घालून ठेवलेली, दुसऱ्या बाजूला माझी गादी.

दुकानात मी ती पाहिली तेव्हा तिच्यात खांद्यांचे आणि डोक्याचे, एवढेच खळगे होते. आता ते खाली उतरत गेले होते. कूस, कंबर, मग गुडघ्यांपाशी दुमडलेले पाय, आणि शेवटी टाचा. एका कुशीवर, डाव्या कुशीवर, पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या माणसाचा पुरा खळगा होता तो. कापूस आपल्या ओझ्याने बसतो, असे मी मनाशी म्हणालो. जन्मभर हेच काम केल्यावर असे काहीतरी म्हणायला शब्द सापडतात. पण मी ते पुन्हा म्हणू शकलो नाही, कारण त्या खळग्याच्या कडा, अगदी मंद लयीत, वर येत होत्या आणि खाली जात होत्या.

तो जिवंत आहे आणि त्याचे अंग कुठेतरी टेकले आहे, याची ही खूण, की ते टेकले ते कायमचेच? मी लेकीला हाक मारणार होतो. तिने मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू बोला, बाबा," ती म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा."

सज्जनहो, इथे माझी तात थांबते. ज्या घरात आज एक अंथरूण रिकामे आहे, त्या घरी तो करुणाकर आधी जावो. भिंतीशी उभ्या असलेल्यांना तो पाठ टेकायला जागा देवो आणि त्यांचा अर्धा राहिलेला शब्द त्यांच्या माणसांसमोर पुरा होवो. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या दारी दिवेलागणीला ओळखीचे पाऊल वाजो, तुमच्या भिंतींना तुमची हाक ऐकू येवो, आणि कोणाच्याही घराला दुसऱ्याचा आवाज गिळण्याची वेळ न येवो. सर्वांचे कल्याण असो.